जेवणाच्या सुट्टीतला नवरा

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझी सासू, खुलताबादजवळच्या गावाला राहतात आणि आठवड्याला फोन करून एकच विचारतात. "मंजे, काही गोड बातमी हाय का नाय?" एकदा मी कामावरून सुटून बसमधे टेकलेली, अंग नुसतं मोडून आलेलं, आणि नेमका त्यांचा फोन. माझं डोकंच सटकलं. म्हणलं, "आत्या, तुमच्या लेकाला मी भर दुपारी उन्हात भेटते, कडुनिंबाखाली, वॉचमनच्या डोळ्यांदेखत. कशी व्हावी गोड बातमी?" पलीकडं आत्यांनी फोनच ठेवून दिला. बसमधल्या बाया मात्र अशा फिदीफिदी हसल्या की ड्रायव्हरनं वळून पाहिलं.

पण खोटं काय होतं त्यात? मी वाळूजला, गाड्यांची वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत. कंपनीची नाही बरं का, ठेकेदाराची. आमचे हे, इंद्रजीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला शेंद्र्यात एका गोदामावर रात्रीचे गार्ड. घेतलं नाव, आता कोण काय म्हणायचं ते म्हणो. माझी ड्युटी सकाळची, पण ओव्हरटाइम धरून दिवेलागणीनंतरच सुटका. त्यांची अख्खी रात्र. मी घराबाहेर पडते तेव्हा ते यायचे असतात, मी येते तेव्हा ते गेलेले असतात. माझी सुट्टी रविवारी, तीही ऑर्डर नसली तर, आणि ऑर्डर नसते कधी? त्यांची सुट्टी बदली माणूस आला तर, आणि तो मेला कधी येत नाही. रांजणगावात एका खोलीचं भाडं दोघं मिळून भरतो, पण त्या खोलीत दोघं मिळून कधी नसतो.

म्हणून मग ती जेवणाची सुट्टी. अर्धा तास.

दुपारी भोंगा झाला की बाकीच्या बाया कँटीनकडं आणि मी गेटकडं. गेटवरचे साहेबराव मामा छोटं दार आधीच उघडून ठेवायचे. समोर रस्त्यापलीकडं कडुनिंब, खाली यांची मोटारसायकल आणि हँडलला डबा. भाकरी मी पहाटे थापून ठेवायची, भाजी हे करायचे. रात्रभर जागून आलेला माणूस, झोपेतून उठून, भाजी करून, उन्हात माझ्यासाठी यायचा. भाजीत मीठ कधी जास्त, कधी नाहीच. मी कधी बोलले नाही. एका डब्यात दोघं जेवायचो. जेवणापेक्षा बोलणंच जास्त व्हायचं, आणि बोलणं तरी काय, गॅस संपत आला, मालकानं पाण्याची मोटर दुरुस्त केली नाही, असलंच. मधेच ते माझ्या बोटांना चिकटलेला टेपचा डिंक नखानं खरवडून काढायचे. तेवढ्या वेळात मला वाटायचं, झालं आपलं लग्न, आहे आपल्याला नवरा.

परत आले की लाइनवरच्या बाया टपलेल्याच. "आल्या बाई माहेरून!" "काय वाढलं आज राजानं?" मी वर तोंड करून सांगायची, "तुम्हाला काय करायचंय? तुमचे तुम्हाला रात्री घोरताना ऐकायला मिळतात ना, ऐका!" सगळ्यांत जास्त चिडवायची वहिदा. ती माझ्या शेजारीच. आमच्या कामात एक मोठा बोर्ड पट्ट्यावरून सरकत येतो, त्यावर वायरी अंथरलेल्या. वहिदा क्लिपा बसवायची, मी टेप गुंडाळायची. ती हळू झाली तर मी अडायची, मी हळू झाले तर पुढची अडायची. दिवसभर असं एकमेकींच्या हाताला बांधलेलं राहिलं की बाई सख्ख्या बहिणीपेक्षा जवळची होते. कधी मला लवकर सुटायचं असलं की तीच माझ्या वाटणीचं दोन-चार वायरींचं टेपिंग उरकून द्यायची.

आणि तिनंच माझा अर्धा तास घालवला.

झालं असं. आमचे सुपरवायझर सुदर्शन सर एक दिवस लाइनवर आले, अगदी लग्नाचं आमंत्रण द्यायला आल्यासारखे. म्हणाले, "ताईंनो, तुमची नेहमीची तक्रार असते, घरी जायला उशीर होतो. तर असं करू. पट्टा दुपारी बंदच नको करायला. एकेकीनं पाळीनं जाऊन दहा मिनिटांत खाऊन यायचं, तोवर शेजारणीनं तिचं काम बघायचं. जेवणाचा अर्धा तास वाचला की संध्याकाळी बस अर्धा तास आधी सोडतो. बोला!"

बोला काय? बायांनी टाळ्याच वाजवल्या. अर्धा तास आधी म्हणजे बाजारात भाजी ताजी, नळाला पाणी असेपर्यंत घरी, पोरं झोपायच्या आत तोंड दिसणार. मी एकटी ओरडले, "मला नाय पाहिजे! मला दुपारचीच सुट्टी पाहिजे!" सर हसत म्हणाले, "मंजुषाताई, तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे. नवऱ्याकडं लवकर जाल." मी म्हणलं, "सर, मी अर्धा तास आधी सुटले तरी माझा नवरा शेंद्र्याच्या रस्त्याला लागलेला असतो. तुमचा हिशोब तुमच्यापाशी ठेवा." पण ऐकतंय कोण. हात वर करा म्हणाले. सगळ्यांनी वर केले. मी वहिदाकडं पाहिलं. तिनं जरा थांबून, माझ्याकडं न बघता, हात वर केला.

बसमधे मी तिच्या शेजारी बसले नाही. तीच उठून आली. "मंजू, सुन तो. निलोफर बारावीला हाय. शाम को घरात अकेली रहती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोरं पिऊन बसतात. आधा घंटा बी मला लई हाय."

"मग माझं काय?"

"तेरा क्या? मोठा मरद हाय तुझा. कोण उचलून नेतंय का त्याला?"

"तुझी पोरगी तुला रोज रात्री दिसती, वहिदा. माझा माणूस मला दिवसातून फक्त तेवढाच दिसतो. तो पण तूच काढून घेतला."

ती म्हणाली, "तू आई झाली की कळंल." हे तिनं बोलायला नको होतं आणि तिलाही ते लगेच कळलं. पण सुटलेला शब्द, तिच्याही हातात नव्हता. त्या दिवसापासून आम्ही शेजारी शेजारी काम करायचो आणि बोलायचो नाही. तिच्या क्लिपा, माझा टेप, मधे बोर्ड सरकतोय.

यांना मी फोनवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. ते म्हणाले, "दहा मिनिटं तरी?" म्हणलं, दहा मिनिटांत गेटपर्यंत यायलाच पाच जातात, आणि माझं काम वहिदा बघणार, तिला मी काय तोंड दाखवू. ते मग म्हणाले, "बरं. मी झोपतो मग दुपारी." त्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त रडू आलं.

त्यानंतरचे दिवस कसे गेले, विचारू नका. आठवण म्हणजे काय चीज असते ते मला माहेर सोडतानाही कळलं नव्हतं, ते इथं कळलं, एका खोलीत राहणाऱ्या माणसाची आठवण येऊन. घरी आले की त्यांचा ओला टॉवेल दोरीवर. चहाचा कप मोरीत. उशीला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास. सगळं होतं, फक्त माणूस नव्हता. भाकरीच्या टोपल्यात चिठ्ठ्या ठेवायचं काही कारण नव्हतं, फोन आहे की. पण फोनवर आमचं जमायचंच नाही. मी मोकळी तेव्हा ते गोदामाच्या फेरीवर, ते मोकळे तेव्हा माझे हात बोर्डावर आणि फोन लॉकरमधे. संध्याकाळी आमची बस मोरे चौकात सिग्नलला थांबली की मी खिडकीला नाक लावून बसायची, वाटायचं, एखादे दिवशी मोटारसायकल दिसेल. एकदा दिसली. हेल्मेट घातलेलं, तरी पाठीवरून ओळखलं. मी काच ठोकली, हाका मारल्या. त्यांनी पाहिलं नाही, सिग्नल सुटला. बसमधे कुणी चिडवलं नाही त्या दिवशी.

दहा मिनिटांचं जेवणही काय जेवण! पाळी कधी सकाळी नाश्ता पचायच्या आत, कधी दुपार टळून गेल्यावर. कोपऱ्यात उभ्यानं घास कोंबायचा, बोटांना डिंक तसाच. ज्या बाया रोज गोल करून एकमेकींच्या भाज्या चाखायच्या, त्या आता एकट्या एकट्या भिंतीकडं तोंड करून खायच्या. कुणी बोलेना, पण सगळ्यांना ते लागत होतं.

आणि मग सुदर्शन सरांनी खरा रंग दाखवला. ऑर्डर वाढली. म्हणाले, "थोडे दिवस फक्त, बस जुन्या वेळेला सोडू." थोडे दिवस म्हणता म्हणता तेच कायम झालं. बस जुन्याच वेळेला, आणि जेवणाची सुट्टी गेली ती गेलीच. बाया कुरकुरल्या, तर म्हणाले, "तुम्हीच तर हात वर केले होते." मला आनंद व्हायला पाहिजे होता की नाही, घ्या आता म्हणून? नाही झाला. वहिदाकडं पाहिलं तर ती क्लिप बसवता बसवता डोळे पुसत होती, कोपरानं, कारण हात मोकळे नव्हते. मी तिच्या बाजूच्या दोन वायरी ओढून घेतल्या आणि टेप करून टाकल्या. बोलले नाही, पण केलं.

अशातच ऑडिट आलं. आम्ही ज्या मोठ्या कंपनीला वायरिंग देतो, तिकडून एक मॅडम बघायला येणार होत्या की कामगारांना नीट वागवतात की नाही. आदल्या दिवशी सरांनी आम्हाला उभं करून उत्तरं पाठ करून घेतली, अगदी शाळेतल्यासारखी. "मॅडमनं विचारलं सुट्टी मिळते का, तर काय सांगायचं? सलग पाच तासांच्या वर आम्ही काम करत नाही, मधे अर्धा तास जेवणाची सुट्टी मिळते. म्हणा!" आम्ही म्हणलं. "ओव्हरटाइम? आमच्या मर्जीनं करतो आणि डबल दरानं पगार मिळतो. म्हणा!" आम्ही म्हणलं. "आठवड्याची सुट्टी? मिळते!" मिळते, मिळते.

म्हणता म्हणता माझ्या टाळक्यात लख्ख उजेड पडला. अगं बाई, म्हणजे हे सगळं आपल्याला मिळायचं असतं! हा माणूस आपल्याला जे खोटं पाठ करायला लावतोय, तोच कायदा आहे. इतके दिवस मला वाटत होतं, मी नवऱ्यासाठी हट्ट करतेय, माझेच लाड चाललेत, बाकीच्यांच्या पोरांपुढं माझं काय मोठं. आणि तो अर्धा तास माझ्या हक्काचा होता, आमच्या कुणाच्या हात वर करण्यानं जाणारच नव्हता तो. मी वहिदाकडं पाहिलं. ती आधीच माझ्याकडं बघत होती. कितीतरी दिवसांनी ती बोलली, तेही तोंड न हलवता. "मंजू, ये तो अपना ही है सब."

"व्हय," मी म्हणलं.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, पट्टा थांबला, आणि आम्हाला सगळ्यांना कँटीनमधे नेऊन बसवलं. टेबलांवर धुतलेली कापडं. बाया डबे उघडून बसल्या तर खरं, पण सगळ्यांचं लक्ष दाराकडं. ऑडिटवाल्या मॅडम तरुण होत्या, वही घेऊन नेमक्या आमच्याच टेबलाशी येऊन बसल्या. सर त्यांच्या मागं उभे, हात बांधून, नजर आमच्यावर. मॅडमनं गोड आवाजात विचारलं, "जेवणाची सुट्टी मिळते का तुम्हाला?"

पाठ केलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. पण डोळ्यांपुढं आली ती मोरे चौकातली यांची पाठ, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आज मिळाली, मॅडम. तुम्ही रोज येत जा, म्हणजे रोज मिळंल."

एक बाई ठसकली. सरांचा चेहरा पडला. मॅडमनं पेन खाली ठेवलं आणि बाकीच्यांकडं पाहिलं, "ताई म्हणतात ते खरं आहे का?" कुणी मान वर करेना. मी मनात म्हणलं, संपलं, आज संध्याकाळी ठेकेदार घरी बसवतो आपल्याला. तेवढ्यात वहिदानं डब्याचं झाकण खाडकन टेबलावर ठेवलं. "हौ मॅडम, खरं हाय. मीच हात वर केला होता सुट्टी बंद करायला. मला घरी लवकर सोडतो म्हणाले होते. घर बी नाय, खाना बी नाय. आन ओव्हरटाइम मर्जीचा नाय, जबरदस्तीचा हाय. डबल तर सपनात बी नाय पाहिला." मग एकेक करून सगळ्याच बोलायला लागल्या, इतक्या की मॅडमला हात वर करून थांबवावं लागलं.

मॅडम गेल्यावर सरांनी मला बोलावलं. म्हणाले, "उद्यापासून यायची गरज नाही." मी बाहेर आले तर वहिदा दारातच. ती आत गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "सर, इसको निकाला तो बोर्ड पे क्लिप कोण लावणार? मी तर नाय लावणार." तिच्यामागं आणखी दोघी, त्यांच्यामागं आणखी. क्लिपा थांबल्या की टेप थांबतो, टेप थांबला की पट्टा थांबतो, हे सरांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. शिवाय मॅडम सांगून गेल्या होत्या की पुढच्या वेळी न कळवता येईन. मला काढलं नाही. ओव्हरटाइमचं भांडण अजून चालूच आहे, ते काय एका दिवसात मिटायचं नाही. पण सोमवारपासून दुपारी पट्टा बंद होणार, अर्धा तास, असा कागद गेटवर लागला.

रविवारीही ओव्हरटाइम होता, सुटल्यावर मी यांना फोन केला. ते फेरीवर होते, मागं कुत्री भुंकत होती. म्हणलं, "अहो, उद्या या." ते म्हणाले, "काय?" मी म्हणलं, "डबा घेऊन या. सुट्टी मिळाली परत." त्यांनी कुत्र्यांना हाड हाड केलं. मग म्हणाले, "येतो गं. भोंग्याच्या आधीच येऊन थांबतो."

सोमवारी सकाळपासून माझं लक्ष कशात नव्हतं. वहिदानं दोनदा माझा टेप सरळ केला. "क्या बात है, नवी नवरी," म्हणाली. मी तिला कोपर मारलं. भोंगा झाला आणि मी जी सुटले ती गेटपाशीच थांबले. साहेबराव मामांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवून समोर दाखवलं.

हे कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसले होते. मांडीवर डबा, दोन्ही हातांनी धरलेला. मान एका बाजूला कललेली. गाढ झोपले होते.

मी जवळ गेले आणि वाकून पाहिलं. दाढी वाढलेली, कपाळावर गार्डच्या टोपीचा वळ, डोळ्यांखाली काळं. झोपेत त्यांचं तोंड थोडं उघडं राहतं, हे मी विसरूनच गेले होते. रात्रभर उभा राहिलेला माणूस, ज्याच्या झोपेची वेळ हीच, तो माझ्या सुट्टीसाठी स्वतःची झोप मोडून आला होता. आजच नाही, सुट्टी बंद व्हायच्या आधीही रोज असाच येत होता. मी त्या अर्ध्या तासासाठी साऱ्या कंपनीशी भांडले, आणि तो अर्धा तास हे कुठून आणायचे, याचा विचारच केला नव्हता.

वाटलं, उठवू. वाटलं, नको. किती दिवसांचं बोलायचं साठलं होतं. पण हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. मी त्यांच्या शेजारी मातीत बसले. डबा हळूच काढून बाजूला ठेवला. त्यांच्या दंडाला डोकं टेकवलं. रस्त्यावरून कंटेनर जात होते, धूळ उडत होती. म्हणलं, जरा वेळ बघत बसावं त्यांच्याकडं, मग उठवू. आणि माझे डोळे कधी मिटले मलाच कळलं नाही.

भोंग्यानं जाग आली. हे धडपडून उठले, डबा शोधायला लागले. "कवा आलीस? अगं, उठवायचं नाय का मला? गेली ना सगळी सुट्टी!" रडकुंडीला आले होते, खरंच सांगते. "इतक्या दिवसांनी मिळाली आन मी मेल्यासारखा झोपलो."

"गेली कुठं?" मी म्हणलं. "मी बी झोपले होते की. दोघं संगं झोपलो."

माझ्या केसांना लागलेली माती त्यांनी हातानं झटकली, आणि तो हात तिथंच राहिला. गेटमधून वहिदा ओरडली, "मंजू, चल गं, पट्टा सुरू होतोय!" मी पदर झटकत उठले. दोन पावलं गेले असेन, तर मागून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "उद्या सतरंजी आणू का?"

"आणा," म्हणलं, आणि गेटकडं पळाले.